टॉम ब्रेडीचं बेसबॉल कार्ड मी घेणार नाही, बो जॅक्सनचं घेत राहीन

गेले काही महिने मला एकच प्रश्न फिरून फिरून विचारला जातोय. "ताई, दोन-दोन खेळ खेळलेल्या प्लेयर्सची कार्डं घेऊन ठेवू का? पुढे भाव येईल का?" विचारणारे बहुतेक इथले, कॅन्सस सिटीच्या आसपास नोकरी करणारे आपले मराठी लोक. मुलांच्या निमित्तानं किंवा लॉकडाउनमध्ये घरी बसून कार्डांच्या, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेल्या, जमवायच्या ट्रेडिंग कार्डांच्या, नादाला लागलेले. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते.

माझं मत असं : जो माणूस दुसरा खेळ खरोखर मैदानात उतरून खेळला, त्याच्या कार्डावर पैसे घाला. ज्याला नुसता दुसऱ्या खेळाचा गणवेश चढवून छापलंय, त्याच्या कार्डावर घालू नका. ते कितीही चकचकीत असो, त्यावर कुणाचीही सही असो.

हे आत्ताच सांगायचं कारण टॉम ब्रेडी, अमेरिकन फुटबॉलचा नावाजलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणारा). इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच. १९९५ च्या बेसबॉल ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) मॉन्ट्रियल एक्स्पोज संघानं त्याला अठराव्या फेरीत निवडलं होतं, कॅचर म्हणून. तो गेला नाही. मिशिगन विद्यापीठात फुटबॉल खेळायला गेला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. व्यावसायिक बेसबॉलचा एकही सामना तो खेळला नाही. तरी २०२३ च्या बोमन ड्राफ्ट या कार्डांच्या संचात एक्स्पोजच्या गणवेशातला ब्रेडी आला, काही कार्डांवर त्याची सहीसुद्धा. लोकांनी अक्षरशः उड्या टाकल्या.

ब्रेडी मोठा खेळाडू आहे, त्याबद्दल वादच नाही. पण त्या कार्डावर जे दाखवलंय ते कधी घडलंच नाही. ट्रेडिंग कार्डाचा मूळ गुण काय? त्या वर्षी तो माणूस त्या संघात होता, त्यानं अमुक इतके सामने खेळले, हे पुठ्ठ्याच्या त्या तुकड्याच्या पाठीमागे लिहिलेलं असतं. ब्रेडीच्या एक्स्पोज कारकिर्दीबद्दल पाठीमागे लिहिण्यासारखं काहीच नाही.

आणि असली कार्डं आता वाढणार, अशी माझी खात्री होत चालली आहे. कारण हक्कांमध्ये आहे. इतकी वर्षं बेसबॉल लीगची कार्डं छापायचे हक्क टॉप्स कंपनीकडे आणि बास्केटबॉल-फुटबॉलचे पॅनिनी कंपनीकडे होते. एका कंपनीला दुसऱ्या लीगचा लोगो छापता येत नसे. पॅनिनीची बेसबॉल कार्डं नीट बघा, टोपीवरचा लोगो गायब असतो. त्यामुळे दोन खेळ एका कार्डावर अधिकृतपणे आणणं कटकटीचं होतं. २०२२ च्या जानेवारीत फॅनॅटिक्स या कंपनीनं टॉप्सच विकत घेतली. मग बास्केटबॉलचे हक्क आले, २०२६ पासून फुटबॉलचेही. तिन्ही लीगचे गणवेश एकाच छापखान्यात आले की कुणाला काय घालावं याला मर्यादा राहत नाही. लहानपणी कुठल्यातरी संघानं ज्याचं नाव नुसतं यादीत लिहिलं होतं, असा प्रत्येक क्वार्टरबॅक आता बेसबॉलच्या टोपीत दिसू शकतो.

आता बो जॅक्सनकडे येते. मी ज्या शहरात राहते तिथे हे नाव घेतलं की साठीतली माणसंही खुर्ची पुढे ओढून बोलायला लागतात.

१९८५ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान, ऑबर्नच्या बोला मिळाली. १९८६ च्या एनएफएल (व्यावसायिक फुटबॉल लीग) ड्राफ्टमध्ये टँपा बे बकनियर्सनं त्याला पहिल्या क्रमांकानं निवडलं. त्याआधी त्यांनी त्याला संघमालकाच्या विमानानं भेटीला नेलं होतं आणि त्या एका फेरीपायी कॉलेज बेसबॉल खेळण्याचा त्याचा हक्क गेला, हंगाम अर्ध्यावर बुडाला. बोनं टँपाला साफ नकार दिला आणि आमच्या कॅन्सस सिटी रॉयल्स या बेसबॉल संघाशी करार केला. त्याच सप्टेंबरात रॉयल्सकडून मारलेला पहिला होम रन ४७५ फूट गेला. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिस रेडर्स या फुटबॉल संघानं त्याला सातव्या फेरीत, १८३ व्या क्रमांकावर घेतलं. बेसबॉलचा हंगाम संपवून फुटबॉलला यायचं, अशा बोलीवर तो तयार झाला. ३० नोव्हेंबर १९८७ ला सिअ‍ॅटलविरुद्ध सोमवारच्या रात्रीच्या सामन्यात त्यानं चेंडू घेऊन धावत २२१ यार्ड काढले, त्यातली एक धाव ९१ यार्डांची. १९८९ ला बेसबॉलच्या ऑल-स्टार सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच, त्या मोसमात ३२ होम रन आणि १०५ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर संघाला मिळालेल्या धावा). पुढच्या वर्षी एनएफएलच्या प्रो बोलसाठी निवड. दोन्ही लीगमध्ये ऑल-स्टार.

१३ जानेवारी १९९१ ला सिनसिनाटीविरुद्धच्या प्लेऑफमध्ये एक साधा वाटणारा टॅकल झाला आणि त्याचं कंबरेचं हाड निकामी झालं. फुटबॉल तिथेच संपला. खुबा बदलून तो १९९३ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडून पुन्हा उतरला आणि परतल्यावरच्या पहिल्याच बॅटिंगला होम रन मारला. १९९४ च्या संपानंतर तो निवृत्त झाला. एकूण १४१ होम रन, २,७८२ यार्ड. दोन्हींपैकी कुठल्याच व्यावसायिक हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, तो नाही आणि आकडे बघितले तर बसतही नाही.

नेमकी इथेच गुंतवणूकदारांची गफलत होते. ते म्हणतात, हॉल ऑफ फेम नाही म्हणजे भाव वाढायला कारण नाही. खरंय, हॉल ऑफ फेमची घोषणा झाली की होणारी उसळी बोच्या वाट्याला येणार नाही. पण त्याच्या कार्डाला गिऱ्हाईक दोन दरवाजांनी येतं. रॉयल्सचे जुने चाहते, रेडर्सचे वेडे, ऑबर्नवाले, आणि नायकेच्या 'बो नोज' जाहिराती बघत मोठी झालेली एक अख्खी पिढी. ही माणसं आता पन्नाशीत आहेत आणि त्यांच्या हातात पैसा आहे. त्यातले बहुतेक विकण्यासाठी घेत नाहीत, ठेवण्यासाठी घेतात.

त्याचं सगळ्यात प्रसिद्ध कार्ड म्हणजे १९९० च्या स्कोअर बेसबॉल संचातलं ६९७ नंबरचं. काळा-पांढरा फोटो, उघड्या अंगावर फुटबॉलचे शोल्डर पॅड, मानेमागून दोन्ही खांद्यांवर आडवी बॅट. कुठल्याच संघाचा लोगो नाही. दोन खेळ एका चौकटीत इतक्या नेमकेपणानं आणणारं कार्ड त्यानंतर मी पाहिलेलं नाही. आणि ते साधं, ग्रेड न केलेलं (कंपनीकडून दर्जाचा आकडा न घेतलेलं) आजही किरकोळ डॉलरमध्ये मिळतं! कारण ८७ ते ९३ च्या सुमाराला कंपन्यांनी कार्डं बेसुमार छापली. जंक वॅक्सचा काळ म्हणतात तो हाच. माणूस मोठा, फोटो अप्रतिम, पण प्रती इतक्या की भाव चढायला जागाच नाही.

म्हणून गुंतवणूक म्हणून विचार करायचा असेल तर मी आधी छपाई बघायला सांगते, कीर्ती नंतर. बोचं १९८६ चं टॉप्स ट्रेडेड, ५०टी नंबरचं, घ्या. त्याची साधी आवृत्ती भरपूर आहे. पण त्याच कार्डाची 'टिफनी' आवृत्ती पांढऱ्याशुभ्र पुठ्ठ्यावर, चकाकी देऊन, मोजक्या संचांत काढली होती. फोटो तोच, नंबर तोच, भावात मात्र अनेक पटींचा फरक.  १९८७ च्या टॉप्समध्ये लाकडी चौकटीसारखी किनार आहे. ती कोपऱ्यांवर चटकन उडते आणि फोटो मधोमध बसलेला क्वचित सापडतो. म्हणून तिथे पीएसए या ग्रेडिंग कंपनीचा १० हा सर्वोच्च ग्रेड मिळालेलं कार्ड आणि ९ चं कार्ड यांत मोठी दरी असते.

मायकल जॉर्डनबद्दलही हेच. १९९३ च्या ऑक्टोबरात तो बास्केटबॉल सोडून गेला आणि १९९४ चा अख्खा मोसम बर्मिंगहॅम बॅरन्सकडून, बेसबॉलच्या डबल-ए या खालच्या पातळीवरच्या लीगमध्ये, बसनं प्रवास करत खेळला. १२७ सामने, सरासरी .२०२ (शंभर संधींत जेमतेम वीस यशस्वी फटके), तीन होम रन, ३० चोरलेले बेस. लोक त्या .२०२ ला हसतात. मला ते हसणं अजिबात पटत नाही. जगातला सर्वोत्तम बास्केटबॉलपटू तिशी ओलांडल्यावर, शाळेनंतर कधी गंभीरपणे न खेळलेला खेळ खालच्या पायरीपासून शिकायला जातो आणि रोज मैदानात उतरतो, यापेक्षा खरा क्रॉसओव्हर कुठला? त्याची १९९४ ची अप्पर डेक कंपनीची बेसबॉल कार्डं मी आनंदानं जमवते. भाव फारसा नाही, कारण तीही खूप छापली गेली. १९९१ चं अप्पर डेकचं एसपी१ मात्र वेगळं. त्यात तो शिकागोच्या कोमिस्की पार्कवर सरावाची बॅटिंग करतोय. हौस म्हणून घ्या, पण ते सामन्यातलं कार्ड नाही हे लक्षात ठेवा.

भावाबद्दल ज्यांना फार स्वप्नं पडतात त्यांनी जॉर्डनच्या १९८६ च्या फ्लीअर कार्डाचा प्रवास बघावा. २०२१ च्या जानेवारीत त्याचं पीएसए १० सात लाख अडतीस हजार डॉलरला गेलं. वर्ष-दीड वर्षात तेच दोन लाखांच्या आसपास आलं. जगातल्या सगळ्यात ओळखीच्या कार्डाची ही गत. शिवाय विकताना ईबे तेराएक टक्के घेतं, ग्रेडिंगचा खर्च वेगळा, आणि अमेरिकेत दीर्घकालीन नफ्यावरही अशा संग्राह्य वस्तूंना शेअर्सपेक्षा चढा, २८ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागू शकतो. मुलाच्या कॉलेजचे पैसे यात घालू नका, हे मी प्रत्येकाला तोंडावर सांगते.

डिऑन सँडर्सबद्दल थोडक्यात. सुपर बोल (फुटबॉलचा अंतिम सामना) आणि वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची अंतिम मालिका) दोन्ही खेळलेला तो एकमेव माणूस. १९९२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्यानं .५३३ नं बॅटिंग केली. १९८९ च्या टॉप्स ट्रेडेडमध्ये तो बेसबॉल संचात यँकीजच्या वेषात आणि फुटबॉल संचात फाल्कन्सच्या वेषात आहे. एकच साल, एकच कंपनी, दोन खेळ. दोन्ही मिळून जेवणाच्या खर्चात येतात. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना मी हीच जोडी सुचवते.

ज्यांना जुन्यात शिरायचंय त्यांच्यासाठी खरी श्रीमंती तिथेच आहे. जिम थॉर्प हा १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची सुवर्णपदकं जिंकलेला मूळ निवासी अमेरिकन. पदकं काढून घेतली, का? तर त्याआधी त्यानं किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळलं होतं. दुसरा खेळ खेळल्याची शिक्षा! तो त्यानंतर न्यूयॉर्क जायंट्सकडून बेसबॉल खेळला, फुटबॉल खेळला, आज जी एनएफएल आहे तिचा पहिला अध्यक्ष झाला. दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून ऑलिंपिक समितीनं त्याची नोंद केली ती थेट २०२२ मध्ये. १९३३ च्या गाउडी स्पोर्ट किंग्ज या ४८ कार्डांच्या संचात तो आहे. त्याच संचात बेब डिड्रिक्सनही आहे. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये भालाफेक आणि अडथळ्यांच्या शर्यतीचं सुवर्ण, आणि नंतर गोल्फमध्ये दहा मेजर विजेतेपदं, त्यातलं १९५४ चं यूएस विमेन्स ओपन कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर. ही कार्डं महाग आहेत, पण त्यांतला प्रत्येक डॉलर घडलेल्या गोष्टीसाठी जातो.

आणि महाग नको असेल तर जीन कॉन्ली बघा. १९५७ मध्ये मिलवॉकी ब्रेव्हजबरोबर वर्ल्ड सिरीज आणि मग बॉस्टन सेल्टिक्सबरोबर तीन एनबीए विजेतेपदं. हे दोन्ही जमलेला दुसरा कुणीही नाही. तरी त्याची पन्नाशीच्या दशकातली टॉप्स कार्डं कार्डविक्रीच्या शोमध्ये टेबलाच्या कडेला स्वस्तातल्या पेटीत पडलेली असतात. डॅनी एंजचं १९८१ चं डॉनरस तसंच, टोरोंटो ब्लू जेजच्या गणवेशात. तो तीन मोसम मेजर लीग खेळून मग सेल्टिक्सकडे गेला. ब्रेडीच्या न घडलेल्या कारकिर्दीला एवढी किंमत आणि कॉन्लीच्या घडलेल्याला एवढी कमी, हे मला मनापासून खटकतं.

आपल्याकडची मुलगी जेमिमा रॉड्रिग्ज. महाराष्ट्राकडून वयोगटात हॉकी खेळली, मग क्रिकेट, आणि ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत नाबाद १२७. उद्या कुणी तिच्या हातात हॉकी स्टिक देऊन कार्ड छापलं, तर ते मी पहिल्या दिवशी घेईन. ती स्टिक तिनं खरंच वापरलेली आहे.

सध्या मी डेव्ह डीबुशरचं १९६४ चं टॉप्स बेसबॉल कार्ड शोधतेय. व्हाइट सॉक्सचा पिचर आणि चोविसाव्या वर्षी डेट्रॉइट पिस्टन्स या बास्केटबॉल संघाचा खेळाडू-प्रशिक्षक झालेला तोच. कोपरे झिजलेले चालतील, मधे घडी नको. बदल्यात १९९० स्कोअर ६९७ च्या माझ्याकडे जादा प्रती आहेत, हव्या तितक्या देईन.