टीव्हीवरच्या दादाची फिरकी कशी घ्यावी

पहिलं काम म्हणजे त्याचं खरं नाव विसरून जा. बारशाला काय ठेवलं, आडनाव काय, मालिकेत यायच्या आधी तो किती वर्षं एकांकिका स्पर्धांच्या विंगेत उभा होता, यातलं काहीही तुमच्या उपयोगाचं नाही. तुमच्या लेखी तो साडेसातच्या मालिकेतला आहे आणि मालिकेतल्या नावानेच त्याला हाक मारायची. सख्ख्या बहिणीच्या लग्नातला फोटो त्याने टाकला की खाली लिहा, 'दादा, वहिनी दिसत नाहीत! पुन्हा भांडलात वाटतं?' वहिनी म्हणजे मालिकेतली. खरी वहिनी त्याच फोटोत उजवीकडून तिसरी आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

यात संकोच करण्यासारखं काही नाही. 'तुझ्यात जीव रंगला'मधल्या हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांनी २ डिसेंबर २०२२ रोजी पुण्यात खरोखरीचं लग्न केलं. तोवर मालिका संपून जवळजवळ दोन वर्षं झाली होती. तरी बातम्यांच्या मथळ्यांत लग्न लागलं ते राणादा आणि पाठकबाईंचंच. छापणाऱ्यांना जे चालतं ते तुम्हाला का चालू नये?

आता संबोधन. नटाचं वय अठ्ठावीस आणि तुमचं चोपन्न असलं तरी सुरुवात 'दादा' अशीच करायची. हे आदराचं लक्षण आहे आणि केस काळे करण्यापेक्षा स्वस्त पडतं. त्याने एकदा उत्तर दिलं की 'भावा'वर या, दुसऱ्यांदा दिलं की 'अरे येड्या' म्हणायला मोकळे. नायिकेच्या बाबतीत मात्र सगळ्यांसमोर 'ताई' आणि इनबॉक्समध्ये 'हाय डियर' अशी दुहेरी व्यवस्था आपल्याकडच्या अनेक सज्जनांनी फार आधीपासून राबवली आहे. ती तशीच चालू ठेवावी, असं मी लिहिणार होतो. पण उपरोध कळत नसलेले वाचकही असतात, म्हणून इथे थांबतो.

पहिलं उत्तर मिळवणं हीच खरी कला. 'नाइस पिक दादा' लिहून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. त्यासाठी चिमटाच काढावा लागतो. समजा, दादाने मिसळीच्या ताटासमोर बसलेला फोटो टाकला. तुम्ही लिहा, 'दादा, डाएट गेलं का गावाला? कालच्या भागात शर्टाची बटणं बोंबलत होती.' आणि कधी कधी नशीब असं फळफळतं, की तासाभराने खाली खुद्द दादाचं उत्तर येतं: 'बटणांनी युनियन केलीय. उद्या मोर्चा आहे, तुम्ही पण या.'

वा! काय वर्णावा तो क्षण! खरंच चांगलं उत्तर आहे, आणि तुमचा चिमटाही वाईट नव्हता. दोघं अनोळखी माणसं दोन ओळी एकमेकांकडे टोलवून हसली. शहाणा माणूस इथे एक हसरा चेहरा टाकून जेवायला बसला असता. तुम्ही तसं करू नका. खाली लागोपाठ लिहा: 'हाहाहा', 'मोर्चा कुठे आहे दादा', 'मी झेंडा घेऊन येतो', 'दादा बघा ना', 'दादा??', 'बिझी का', 'मोठे झालात आता'. शेवटची ओळ विसरू नका. मैत्री जुनी झाल्याची खूण तीच.

हे उत्तर आलं कुठून, याचा विचार करायची गरज नाही. तरी माहितीसाठी सांगतो. घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला एका बंगल्यात किंवा गोरेगावच्या चित्रनगरीतल्या एका स्टुडिओत दादा सकाळपासून आहे. शिफ्ट बारा तासांची, लांबली तर त्याहून जास्त. आजचा सीन हातात पडला तो मेकअप चालू असताना. एका मावशींच्या मृत्यूवर रडून झालंय, आता दुसऱ्या बाजूने रडायचं आहे, म्हणून दिवे हलवताहेत. तेवढ्या वेळात एका हातात गार झालेला चहा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दादा तुमच्या बटणांना उत्तर देतो. डोळ्यांत ग्लिसरीन असल्यामुळे 'मोर्चा'तला रफार दोनदा चुकतो, तोही दुरुस्त करतो. पण हे तुम्हाला कशाला? तुम्हाला वाटलं पाहिजे की तो सोफ्यावर लोळत तुमचीच वाट बघत होता.

उत्तराचा स्क्रीनशॉट ताबडतोब काढा, कारण खरा कार्यक्रम आता सुरू होतो. 'कुलकर्णी परिवार' ग्रुपवर तो टाकताना खाली काहीही लिहू नका, किंवा फार तर 'असंच आपलं' एवढंच लिहा. दोन मिनिटांत आत्या विचारेल, 'तू ओळखतोस त्याला?' यावर कधीही 'नाही' म्हणू नये. 'बोलतो अधूनमधून' म्हणावं. मग बघा, वर्षानुवर्षं तुम्हाला लग्नपत्रिका न पाठवणारा काका फोन करेल. काकांचा चिन्मय शाळेच्या गॅदरिंगमध्ये अफजलखान झाला होता, सगळे म्हणत होते पोरात काहीतरी आहे. तुझ्या मित्राला विचार ना, मालिकेत एखादं छोटं काम. ही मागणी दादापर्यंत पोचवणं आता तुमचं कर्तव्य. मिसळीच्याच फोटोखाली पोचवा.

एकदा मैत्री झाली की कथानकाची जबाबदारीही अंगावर घ्यावी लागते. मालिका लिहायला कथा, पटकथा, संवाद अशी वेगवेगळी माणसं असतात, वाहिनीची मंडळी त्यावर बसतात आणि गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की सगळं पुन्हा हलतं. त्यात नटाला कुणी विचारत नाही. म्हणूनच सगळ्या सूचना नटाला करा. 'आईशी असं बोललास? लाज वाटली पाहिजे.' 'तिच्यावर विश्वास ठेवू नकोस, ज्यूसमध्ये काहीतरी टाकलंय.' तुम्ही ही सूचना कराल तेव्हा दादाने तो ज्यूस बऱ्याच दिवसांपूर्वी पिऊन टाकलेला असतो, दवाखान्यातले सीनही झालेले असतात आणि आता तो स्मृती गेल्याच्या भागांत आहे. तरी पाठवा.

खलनायकाशी चेष्टामस्करी करायची असेल तर तिची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. निळू फुले पडद्यावर इतके अस्सल असायचे, की साध्यासुध्या बायका त्यांना प्रत्यक्षात बघून घाबरायच्या. आणि माणूस तर राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतला. तेव्हा निदान ती भीती तोंडावर दिसायची आणि तिथेच संपायची. आता ती लिहून ठेवण्याची सोय झाली आहे. 'आई कुठे काय करते' २०१९ पासून २०२४ पर्यंत चालली आणि त्या काळात अनिरुद्ध देशमुखला महाराष्ट्राने घातलेल्या शिव्या मिलिंद गवळी यांच्या खात्यावर जमा होत राहिल्या. आपल्यालाही वाटा उचलता येतो. 'मेल्या, तुझं वाटोळं होईल' असं लिहून शेवटी 'हलकं घ्या सर, तुमच्या अभिनयाला सलाम' जोडलं की झालं.

'हलकं घ्या' हे या सगळ्या विद्येतलं सर्वांत गुणकारी औषध आहे. ते खिशात असल्याशिवाय घराबाहेर पडूच नये. वजन, टक्कल, मोडलेलं लग्न, न झालेलं मूल, मागच्या महिन्यात अचानक बंद पडलेली मालिका, कशावरही बोला आणि वर 'हलकं घे रे, गंमत' म्हणा. त्याने हलकं घेतलं तर तो दिलदार. नाही घेतलं, तर तुम्हाला 'हवा गेली डोक्यात' लिहायला विषय मिळाला. दोन्हीकडून फायदा तुमचाच. बटणांवर बोलणं आणि घटस्फोटावर बोलणं यात काही फरक असतो, असं कुणी सांगायला आलं तर त्याला विनोदबुद्धी नाही असं समजा. फरक इतकाच, की बटणांवर तो उलटून काहीतरी बोलू शकतो आणि घटस्फोटावर बोलू शकत नाही. पण तो काही बोललाच नाही तर तुमचं जाणार काय? उलट शेवटचा शब्द तुमचा.

पैशांच्या विषयाला लाजू नका. दादाने नवी गाडी घेतली, की 'पार्टी कधी?' दादाला नवी मालिका मिळाली, की 'आता काय बुवा, मजा आहे!' या धंद्यात कामाचे पैसे हातात यायला साधारण ९० दिवस लागतात, ही जुनी रीत आहे. म्हणजे तुम्ही पार्टी मागता तेव्हा दादा अजून तीन महिन्यांपूर्वीच्या रडण्याच्या चेकची वाट बघत असतो. हे त्याने तुम्हाला सांगायचं नसतं, आणि तुम्ही विचारायचं नसतं.

या बाबतीत आदर्श म्हणून २०२१ चा उन्हाळा आठवावा. एप्रिलमध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं आणि बऱ्याच मराठी मालिकांनी बाडबिस्तरा उचलून गोवा गाठला. मालिका थांबल्या की स्पॉटदादांपासून नटापर्यंत सगळ्यांच्याच घरची चूल थांबते, म्हणून तपासण्या करून, घर सोडून, एका रिसॉर्टात कोंडून घेऊन काम चाललं होतं. मे महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली आणि सगळे परत. त्या दिवसांत नटाने मागे चुकून नारळाचं झाड आलेला फोटो टाकला, तर काय लिहावं? 'ऐश आहे दादा! येताना काजू आणा.' हेच लिहावं. तुम्ही घरात, तो घरापासून लांब. काजू मात्र त्याच्याकडे असणारच.

लाइव्हचं तंत्र थोडं निराळं. तिथे संवाद लागत नाही, हजेरी लागते. दादा आपल्या नव्या नाटकाबद्दल कळकळीने काही सांगत असतो आणि खालून ओळी सरकत असतात: 'सांगलीहून हाय', 'दादा माझं नाव घ्या', 'दादा आज माझ्या भाच्याचा वाढदिवस', 'सांगलीहून पुन्हा हाय', 'आवाज येत नाही'. त्याने वाक्य अर्धं सोडून 'हाय सांगली' म्हणेपर्यंत थांबू नका. म्हटल्यावर लगेच निघून जा. नाटकाबद्दल ऐकायला तुम्ही आलाच नव्हता.

नाटकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तिकीट काढणं मित्राला शोभत नाही. 'दादा, दोन पास?' एवढंच लिहावं. मेसेज रिक्वेस्टच्या ढिगाऱ्यात तो निरोप पडून राहिला आणि शेवटी तिकीट काढावंच लागलं, तर त्याची वसुली प्रयोगानंतर करायची. गडकरी रंगायतन असो नाहीतर कोथरूडचं यशवंतराव, पडदा पडला की विंगेतून आत घुसा. दादा घामाने निथळत, अर्धा मेकअप पुसून, कुणाचे तरी वयस्कर वडील भेटायला आलेत म्हणून वाकून नमस्कार करत असेल. मध्ये शिरून खांद्यावर थाप मारा आणि विचारा, 'ओळखलं का?'

तो ओळखणार नाही. तुमच्या खात्याला नाव आहे 'सह्याद्रीचा वाघ ७७' आणि फोटो आहे रायगडाचा. पण आशा सोडू नका, नीट डोळ्यांत बघून सांगा, 'अहो, मी बटणं!'

तो क्षणभर तुमच्या शर्टाकडे बघेल, मग स्वतःच्या. मग हसेल. ही मंडळी हसण्यात तरबेज असतात, त्यामुळे ते हसू कुठल्या खात्यातलं हे तुम्हाला कळणार नाही, आणि ते कळून न घेण्यातच शहाणपण आहे. फोटो काढा. काढताना त्याच्या कमरेभोवती हात टाका, पोट आत घ्या आणि बायकोला 'अजून एक, अजून एक' म्हणत राहा. मागे रांगेत उभे असलेले ते वयस्कर वडील थांबतील. त्यांचं काय, ते तिकीट काढून आलेले.

पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. १५ पैशांचं पोस्टकार्ड घ्यायचं, मुंबई दूरदर्शनचा पत्ता घालायचा, अक्षर सुवाच्य काढायचं, 'आपली भूमिका फार आवडली' लिहून खाली पूर्ण नाव-गाव द्यायचं आणि उत्तर आलं नाही तरी राग मानायचा नाही. कार्डावरची जागाच इतकी कमी, की अपमान करायला उरायची नाही. ते कार्ड पोस्टमनपासून शेजारच्या वहिनींपर्यंत सगळे वाचणार, हीही एक अडचण होती. आता वाचणारे हजारोंनी वाढले आणि अडचण मात्र नाहीशी झाली, ही प्रगतीच म्हणायची.

शेवटी मालिका संपेल. एखाद्या शनिवारी सगळे एकमेकांना माफ करतील, खलनायिका सुधारेल, केक कापतानाचा सेटवरचा फोटो येईल. त्याखाली 'दादा, तुमच्याशिवाय आता साडेसात वाजणारच नाहीत' असं लिहा. रडका चेहरा टाका, तीनदा. दादा बहुधा उत्तर देईल, कारण त्या संध्याकाळी तो खरोखरच हळवा झालेला असतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला काम नसतं. पण तुम्हाला ते वाचायला वेळ नसेल. सोमवारपासून साडेसातला नवी मालिका आहे, नवा दादा आहे. त्याने आजच वडापाव खातानाचा फोटो टाकलाय आणि शर्ट त्यालाही जरा घट्टच होतोय. बटणांची ओळ कॉपी करून ठेवली असेलच. 'कालच्या भागात' तेवढं 'प्रोमोत' करा, त्याचा पहिला भाग अजून लागायचा आहे.