शंभर वर्षांत राज्य पसरलं, धर्म नव्हे

एक नकाशा व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. हिरवा रंग मक्केतून निघतो आणि स्पेनपासून सिंधपर्यंत पसरतो. सोबतच्या मजकुराचा आशय असा: धर्मवेडापुढे दोन महासाम्राज्यं कोसळली, शंभर वर्षांत एवढा सगळा मुलूख मुसलमान झाला, आणि जिथे तलवार पोचली नाही तिथे इस्लामही पोचला नाही.

सीमा बऱ्याचशा बरोबर आहेत. ७११ साली मुसलमानांचा सेनापती तारिक स्पेनमध्ये उतरला आणि त्याच सुमारास दुसरा सेनापती मुहंमद बिन कासिम सिंधमध्ये. चूक आहे ती रंगाचा अर्थ लावण्यात.

आधी साम्राज्यांचं बघू. बायझंटाइन (कॉन्स्टँटिनोपलचं ख्रिस्ती साम्राज्य) आणि सासानी (इराणचं साम्राज्य) ६०२ ते ६२८ अशी सव्वीस वर्षं एकमेकांचे लचके तोडत होते. इराण्यांनी जेरुसलेम घेतलं, इजिप्त घेतला, मग बायझंटाइन सम्राट हिराक्लियसने सगळं परत मिळवलं. ६२८ मध्ये इराणचा राजा खुस्रो दुसरा मारला गेला आणि पुढची चार वर्षं इराणच्या गादीवर कोणी टिकेना. ६३६ मध्ये यार्मुकच्या लढाईत अरबांसमोर उभं होतं ते हे थकलेलं जग. त्यात इजिप्तमधले बहुसंख्य ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलच्या लेखी पाखंडी. त्यांचा धर्मगुरू बेंजामिन लपून राहत होता, तो अरब सेनापती अम्रने अभय दिल्यावर बाहेर आला. अरबांच्या श्रद्धेचा जोर खराच होता, पण ही पार्श्वभूमी गाळली की उरते ती दंतकथा.

आता मुख्य दावा: सगळे मुसलमान झाले. अरब सैन्य बसरा, कूफा, फुस्तात अशा स्वतःच्या छावणी-शहरांत राहत होतं. गावगाडा जुनाच चालू होता. राजधानी दमास्कसच्या खजिन्याचं काम सरजून नावाचा ख्रिस्ती अधिकारी पाहत होता, दप्तर तिथे ग्रीकमध्ये आणि इराकमध्ये पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत. त्या काळातली इराणी चांदीची नाणी तर बघण्यासारखी आहेत: मधे सासानी राजाचा मुखवटा, मागे जुन्या इराणी (पारशी) धर्माची अग्निवेदी आणि कडेला अरबी अक्षरांत ‘बिस्मिल्लाह’. खलिफा अब्द अल-मलिकने फक्त अक्षरांची नाणी पाडली ती ६९६-९७ च्या सुमारास. म्हणजे विजयानंतर दोन पिढ्या अग्निवेदी सरकारी नाण्यावर होती!

राज्यकर्त्यांना धर्मांतराची घाईही नव्हती, कारण जिझिया बुडायचा. इराकचा सुभेदार हज्जाज याने तर मुसलमान होऊन शहरात आलेल्या शेतकऱ्यांना हाकलून गावी धाडलं आणि त्यांच्याकडून पूर्वीचेच कर वसूल केले. खलिफा दुसरा उमर (७१७-७२०) याने नवमुस्लिमांचा जिझिया माफ केला, तेव्हा ईशान्य इराणकडच्या खोरासान प्रांतातून तक्रार आली की लोक कर चुकवायला धर्म बदलतात, त्यांची सुंता झाली आहे का ते तपासू या. त्यावर उमरने कळवलं की मुहंमदांना देवाने पाठवलं ते लोकांना बोलवायला, सुंता करायला नव्हे. हे इतिहासकार तबरीने नोंदवलंय. हा काही उदारमतवादाचा दाखला नव्हे; जिझिया देणाऱ्याला कमीपणा होताच, आणि लोक हळूहळू वळले त्यामागे तो कमीपणाही होता. पण एका पिढीत बाटवल्याचं चित्र यात कुठे बसतं?

रिचर्ड बुलिएट या इतिहासकाराने विद्वानांच्या वंशावळींत इराणी नावं जाऊन अरबी नावं कधी येतात ते मोजलं. त्यांच्या अंदाजाने इराणमध्ये निम्मे लोक मुसलमान व्हायला नववं शतक उजाडलं. वंशावळी शहरी, शिकलेल्या घरांच्या, म्हणजे खेडी आणखी मागे असणार. इजिप्तला तर त्याहून कितीतरी जास्त काळ लागला.

राहिली तलवार. सिंधमधल्या देबलला कत्तल झाली हे सिंधच्या विजयाची हकिकत सांगणारा फारसी ‘चचनामा’च सांगतो, ते लपवण्यात अर्थ नाही. पण तलवारीविना इस्लाम नाही, हे मराठी माणसाने तरी म्हणू नये. ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी मसूदी कोकणात आला तेव्हा चौलमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान होते, राष्ट्रकूटांच्या राज्यात, आणि त्यांच्यावर राजाने नेमलेला त्यांच्यातलाच प्रमुख होता. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला ९२६ चा ताम्रपट आणखी पुढे जातो. त्यात संजाण प्रांताचा राष्ट्रकूटांनी नेमलेला कारभारी आहे मधुमती, म्हणजे मुहंमद नावाचा अरब. ताम्रपटाचा विषय आहे देवीच्या मठाला त्याने दिलेली जमीन.