फोनमध्ये सगळी चित्रं एकाच साईजची असतात

परदेशातली ट्रिप ठरताना लिस्टमधून सगळ्यात आधी काय उडतं तर मॉडर्न आर्टचं म्युझियम. राजवाडा राहतो, टॉवर राहतो, नदीतली बोट राहते, शॉपिंगला तर अख्खी दुपार मिळते, आणि या म्युझियमचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे ती चित्रं नेटवर बघितलीयत की, आणि तसंही आपल्याला त्यातलं काय कळतंय." कळण्याचं नंतर बघू, माझं खरं भांडण पहिल्या वाक्याशी आहे. नेटवर बघितलीयत म्हणजे बघितलेली नाहीयेत. आणि हे मी विसाव्या शतकातल्या कलेबद्दल तर जास्तच ठासून सांगेन, कारण यातल्या कितीतरी कलाकारांनी गोष्ट सांगणं बाजूला ठेवून सगळा जीव चित्राच्या आकारात, रंगाच्या थरात, तुम्ही किती लांब उभे आहात यात ओतलाय, आणि फोनवर नेमकं तेवढंच गायब होतं.

साधं उदाहरण देते. वितळलेल्या घड्याळांचं, स्पॅनिश चित्रकार दालीचं १९३१ चं चित्र सगळ्यांना माहितीये, पोस्टर, मग, टीशर्ट, कुठे नाही ते. न्यूयॉर्कच्या मोमा या मॉडर्न आर्टच्या म्युझियममध्ये ते चित्र समोर आलं की पहिल्यांदा माणूस थबकतो, कारण ते फक्त २४ बाय ३३ सेंटीमीटर आहे, ए-फोर कागदापेक्षा जेमतेम मोठं. त्याच्यासमोर कायम गर्दी असते, वाट बघावी लागते, पण वाट बघून पुढे जा, अगदी दोरीपर्यंत जा. डावीकडे कोपऱ्यात एक केशरी घड्याळ पालथं पडलंय, त्यावर मुंग्या चढल्यात, एकेक मुंगी वेगळी, चकचकीत, आणि शेजारच्या घड्याळावर एक माशी बसलीये. मागचे खडक इतके बारीक रंगवलेत की श्वास रोखून ब्रश चालवला असणार असं वाटतं. पोस्टरएवढं मोठं केलं की त्यातला हा घट्टपणाच जातो.

आणि आता माद्रिदला रेना सोफिया म्युझियममध्ये चला, पिकासोच्या गेर्निकासमोर. १९३७ चं चित्र, जवळपास साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब. फोनवर हे आणि दालीचं चित्र एकाच रुंदीचं दिसतं! गेर्निकासमोर उभं राहिलं की डोळ्यात अख्खं मावतच नाही, डावीकडे मेलेलं बाळ घेऊन रडणारी आई बघताना उजवीकडचा आगीत हात वर केलेला माणूस नजरेतून सुटतो, मान फिरवावी लागते, चालावं लागतं. आणि मधला घोडा. फोनवर तो नुसता करडा दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या अंगभर लहान लहान उभ्या रेघा आहेत, ओळींमागून ओळी, छापील पेपरातल्या मजकुरासारख्या. गेर्निका या स्पेनमधल्या गावावर झालेल्या बॉम्बहल्ल्याची बातमी पिकासोला पॅरिसमध्ये पेपरातूनच कळली होती, आणि ते त्या घोड्याच्या कातडीवर उतरलंय असं मला त्या रेघा बघून वाटलं, कुणी काही म्हणो. त्याच ठिकाणी डोरा मार या फोटोग्राफर बाईने चित्र घडत असताना काढलेले फोटो असतात, तेही बघा. मूठ वळलेला एक उंचावलेला हात आधी होता आणि नंतर पुसला गेला हे त्यात दिसतं.

पण माझं सगळ्यात आवडतं ठिकाण लंडनचं टेट मॉडर्न. थेम्सच्या काठावरचं जुनं वीजकेंद्र, २००० मध्ये त्याचं म्युझियम झालं, आणि कायमचा संग्रह बघायला तिकीटच नाही. याचा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. तिकिटाचे पैसे भरले की माणूस ते वसूल करायच्या मागे लागतो, प्रत्येक दालनातून धावतो, आणि शेवटी पाय दुखले एवढंच लक्षात राहतं. फुकट आहे म्हटल्यावर एक तास जायचं, एकाच खोलीत बसायचं आणि निघायचं, दुसऱ्या दिवशी परत यायचं.

ती एक खोली म्हणजे अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोची. १९५८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका महागड्या रेस्टॉरंटसाठी त्याला चित्रांची ऑर्डर मिळाली होती, त्याने कामाला सुरुवात केली, मग तिथलं वातावरण त्याला पटेना, त्याने पैसे परत केले आणि चित्रं स्वतःकडे ठेवून घेतली. त्यातली नऊ त्याने टेटला दिली. ती लंडनला पोचली तो दिवस आणि रॉथको वारला तो दिवस एकच, २५ फेब्रुवारी १९७०. त्याची इच्छा होती म्हणून खोलीत उजेड कमी ठेवतात. पहिल्या मिनिटाला काहीही दिसत नाही, म्हणजे काळपट लाल मोठे कॅनव्हास दिसतात आणि बस. बरेच जण तिथूनच वळतात, दारातून फोटो काढला की झालं. बाकावर बसून राहिलं तर डोळे अंधाराला सरावतात आणि मग त्या एका मरूनमधून दोन-तीन मरून वेगळे व्हायला लागतात, एक भाग कोरडा, एक भाग किंचित चमकणारा, आणि रंगवलेल्या चौकटीच्या कडा इतक्या विरलेल्या की ती पुढे येतेय की आत जातेय हे सांगता येत नाही. मी बसले तेव्हा माझ्या शेजारी एक आजोबा होते, आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही पण दोघंही उठायला तयार नव्हतो.

त्या थरांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१२ मध्ये एका माणसाने यातल्या एका चित्रावर शाईने लिहिलं. शाई आत थराथरांत मुरली. रॉथकोने रंगात अंडं, राळ, डिंक असं काय काय मिसळलेलं, त्यामुळे शाई निघेल पण रंग निघणार नाही असं द्रावण शोधणं हेच मोठं काम होतं. टेटच्या लोकांनी तशाच थरांचा एक नमुना कॅनव्हास बनवला, त्यावर प्रयोग केले, आणि साधारण दीड वर्षाने, २०१४ मध्ये, चित्र परत भिंतीवर लावलं. ज्याला आपण 'नुसता लाल रंग' म्हणून दारातून परत फिरतो त्यासाठी एवढे दिवस भिंगं घेऊन बसलेली माणसं असतात, मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता ते "यात काय, हे तर मीपण केलं असतं." यावर लोक चिडतात, मला त्यात चिडण्यासारखं काही वाटत नाही, प्रामाणिक प्रश्न आहे. टेटमध्ये इटलीच्या लुचिओ फोंताना या कलाकाराचं १९६० चं एक चित्र आहे, कोरा कॅनव्हास आणि मधोमध एक उभा काप. माझ्याबरोबर मावशी होती, ती म्हणाली, "अगं, हे फाटलंय की." मी काही बोलले नाही. ती स्वतःच बाजूला गेली, भिंतीला जवळजवळ गाल लावून तिरकं बघितलं आणि तिथूनच मला हाक मारली, "इकडे ये, कडा आत वळवल्यात बघ, आणि मागे काळं कापड लावलंय!" खरंच तसंच आहे, फोंताना कापामागे काळं जाळीचं कापड लावायचा म्हणजे आत खोल पोकळी असल्यासारखं वाटतं. समोरून काढलेल्या फोटोत ती एक काळी रेघ असते. मावशीला हे कुठल्याही पाटीने सांगितलं नव्हतं, तिने कधी चित्रकलेचं पुस्तक उघडलेलं नाही, तिने फक्त जागा बदलून बघितली. कळणं म्हणजे याहून वेगळं काय असतं मला माहीत नाही.

पाट्या नंतर वाचाव्यात एवढंच माझं मत आहे. आधी पाटी वाचली की चित्रात तेवढंच शोधलं जातं. पण नंतर जरूर वाचा, कारण काही कामं माहितीशिवाय अर्धीच राहतात. टेटच्या टर्बाईन हॉलची, म्हणजे वीजकेंद्राच्या यंत्रांच्या जुन्या भल्यामोठ्या दालनाची, जमीन घ्या. २००७ मध्ये कोलंबियाच्या डोरिस साल्सेदो या शिल्पकार बाईने त्या फरशीत १६७ मीटर लांब भेग पाडली होती, हॉल साधारण १५५ मीटरचा आहे पण भेग वाकडीतिकडी. वर्णभेद आणि परक्या देशात आलेल्या माणसाला सोसाव्या लागणाऱ्या गोष्टींबद्दलचं ते काम होतं. प्रदर्शन संपल्यावर भेग बुजवली, पण तिचा व्रण फरशीवर अजून दिसतो. रोज हजारो माणसं त्यावरून चालत जातात, ट्रॉली नेतात, मुलं पळतात. माहीत असेल तरच पाय थांबतो.

फोटो काढू नका असं मी म्हणत नाहीये. गेर्निकाच्या खोलीत कितीतरी वर्षं फोटोला बंदी होती, २०२३ मध्ये ती उठवली आणि मला ते बरोबरच वाटतं, घरी आल्यावर आठवायला आधार लागतो. फक्त आधी डोळ्यांनी बघा, चित्राच्या जवळ जा, लांब जा, बाजूने बघा, आणि मग काढा. तीन-चार कामं अशी बघितली तरी खूप झालं, बाकीच्या भिंतींसमोरून नुसतं चालत गेलात तरी कुणी रागावणार नाही.

एक कामाची गोष्ट राहिली. निघायच्या आधी म्युझियमच्या वेबसाईटवर तुमचं हवं ते चित्र शोधा, टेट आणि मोमा दोघांच्याही साईटवर प्रत्येक कामाच्या पानावर ते सध्या भिंतीवर आहे की नाही लिहिलेलं असतं, मोमावर तर दालनाचा नंबरसुद्धा. चित्रं प्रवासाला जातात, दुसऱ्या शहरात उसनी दिली जातात, गोदामात असतात. आणि पॅरिसला जाणार असाल तर तिथलं मॉडर्न आर्टचं म्युझियम, पॉम्पिदू सेंटर, २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, २०३० ला उघडायचं ठरलंय, त्याच्या बाहेरच्या रंगीत पाईपांवर भरवसा ठेवून प्लॅन करू नका.