‘विसरून जा’ असं येशू कुठं म्हणाला?

ईस्टरआधीचा दुःखसहनाचा सप्ताह आला की चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर एक संदेश हमखास फिरतो: ‘खरा ख्रिस्ती मनात कडवटपणा धरत नाही. क्षमा करा आणि विसरून जा. देवावर सोपवा आणि गप्प राहा. जो अजून रडतो त्याचा विश्वास कच्चा.’ खाली सूर्योदयाचं चित्र.

पहिलं वाक्य मला मान्य आहे. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात कडूपणाच्या मुळाबद्दल इशारा आहे: ते वर आलं की पुष्कळांना बाधतं. ज्यांच्या घरात बांधावरून दोन पिढ्यांचा अबोला आहे, त्यांना हे समजावायला नको. माझं भांडण पुढच्या तीन वाक्यांशी आहे.

आधी ‘विसरून जा’. विसरायचा मनापासून प्रयत्न केला तो, बायबलच्या पहिल्या पुस्तकात म्हणजे उत्पत्तीत, भावांनी गुलाम म्हणून विकलेल्या योसेफाने. देवाने मला माझे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं, म्हणून थोरल्या मुलाचं नावच त्याने मनश्शे, म्हणजे ‘विसरायला लावणारा’, ठेवलं. पुढच्याच अध्यायात धान्य घ्यायला आलेले भाऊ समोर उभे राहतात, आणि हा आता मिसरचा (इजिप्तचा) अधिकारी झालेला योसेफ बाजूला जाऊन रडतो. पण लगेच गळ्यात पडत नाही. धाकट्या भावाच्या, बन्यामिनाच्या, गोणीत चांदीचा प्याला ठेवून, हे धाकट्यालाही वाऱ्यावर सोडतात का, ते पाहतो. भावांपैकी यहूदा बन्यामिनाच्या जागी स्वतः गुलाम व्हायला तयार होतो, तेव्हा कुठं ओळख देतो. बापाच्या मृत्यूनंतरही तो आधी ‘तुम्ही माझं वाईट योजलं’ असं स्पष्ट म्हणतो, आणि मग देवाने त्यातून भलं केलं हे सांगतो. प्रवचनात आपण पहिला अर्धा भाग गिळून टाकतो.

यावर कुणीतरी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 31वा अध्याय काढतो, जिथं देव म्हणतो: ‘त्यांचे पाप मी स्मरणार नाही.’ पण महापुरात तारवात असलेल्या नोहाची देवाने आठवण केली, असं उत्पत्तीत आहे. म्हणजे त्याआधी देव नोहाला विसरला होता का? आठवण केली म्हणजे त्याच्यासाठी पाऊल उचललं, आणि पाणी ओसरू लागलं. तसं पाप न स्मरणं म्हणजे त्याचा हिशेब न मागणं.

‘गप्प राहा’ हे तर सगळ्यात घातक. मारकुट्या नवऱ्याच्या बायकोला हेच वाक्य ऐकवून परत पाठवलेलं मी पाहिलंय. ‘सूड घेणे माझ्याकडे आहे’ हे वचन रोमकरांस पत्रात उद्धृत करणारा प्रेषित पौल स्वतः काय करतो? फिलिप्पै शहरात अधिकारी त्याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकतात आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडायला निघतात, तेव्हा तो अडून बसतो: अधिकाऱ्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. पुढे थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागतो. प्रमुख याजकापुढे चपराक बसल्यावर प्रभू येशूनेही विचारलं, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? देवावर सोपवायचा तो सूड. झालेलं सांगण्याची जबाबदारी आपलीच राहते.

जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना जाहीर क्षमा केली आणि बारीपद्यातली कुष्ठरोग्यांची सेवा पुढे चालवली. पण क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, ही त्यांची भूमिका होती. खटला चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. या बाईंची क्षमा कच्ची होती, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

रडण्याबद्दल फार लिहीत नाही. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 13 उघडा; पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर?’ चार वेळा येतं. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे.

संदेश पुढे ढकलण्याआधी पौलाने सहकारी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा (2 तीमथ्य) चौथा अध्याय वाचा. पौल कैदेत आहे. आलेक्सांद्र तांबटाने माझं फार वाईट केलं, प्रभू त्याची फेड करील, असं तो लिहितो आणि तीमथ्याला बजावतो, तूही त्याच्यापासून जपून राहा. जबाबाच्या वेळी ज्यांनी साथ सोडली, त्यांच्या हिशेबी ते धरू नये असं मागतो. एके काळी सेवेच्या प्रवासातून अर्ध्यावर परत गेला म्हणून ज्या मार्काला सोबत न्यायलाच पौल तयार नव्हता, त्याला आता घेऊन ये म्हणतो, तो उपयोगी आहे. आणि येताना त्रोवसात राहिलेला झगाही आण.