दोन एकर पऱ्हाटी, चार सापळे आणि एक तारा: दुकानाचं उत्तर

राम राम भाऊ,

आमच्या दुकानातून नेलेल्या सापळ्यांना एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत: "दोन एकर पऱ्हाटीत (कपाशीत) चार कामगंध सापळे (वासानं पतंग ओढून धरणारे डबे) लावले. पोळ्यानंतर रोज एकेका सापळ्यात दहा-पंधरा पतंग पडत होते, म्हणून फवारणी केली नाही. मग पतंग कमी झाले. दसऱ्याला बोंडं फोडली तर आत गुलाबी अळ्या. उलट शेजारचे पतंग माझ्या वावरात ओढले गेले. निव्वळ फसवणूक."

कवडी (किडका, डागाळलेला) कापूस हाती आल्यावर कुणी गोड बोलणार नाही. पण हे वाचून दुसरा शेतकरी सापळे लावायचं टाळेल, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो.

सापळे चालत होते, भाऊ. तुमच्याच आकड्यांवरून दिसतं. गुलाबी बोंडअळीचं मोजमाप असं आहे की सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीची वेळ झाली. तुम्हाला दहा-पंधरा येत होते. सापळा भरतोय म्हणजे कीड मरतेय असं तुम्ही धरलंत, आणि सगळं तिथंच बिघडलं. डब्यात पडतात ते फक्त नर. ल्युरला, म्हणजे सापळ्यात बसवायच्या वासाच्या तुकड्याला, मादीचा वास असतो, मादी त्याकडे फिरकत नाही. ती पात्यांवर (कळ्यांवर), फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालत राहते. तीन ते पाच दिवसांत अंडी फुटतात, बारीक अळी आत शिरते आणि बोंडाचं छिद्र बुजून जातं. त्यानंतर कितीही महाग औषध मारा, अळीपर्यंत पोचत नाही. म्हणजे हातात होते ते पोळ्यानंतरचे मोजके दिवस.

शेजारच्या पतंगांचंही तेच. आले असतील तर नर आले, आणि नर अंडी घालत नाही.

एकरी दोन सापळे हे नजर ठेवण्यापुरते असतात. पतंग पकडून संख्याच कमी करायची तर एकरी आठ तरी लागतात, आणि तेव्हाही बोंडं फोडून बघणं सुटत नाही. एकरी वीस हिरवी बोंडं वेगवेगळ्या झाडांवरून तोडायची. दोनात अळी निघाली म्हणजे दहा टक्के, मग फवारायला थांबायचं नाही. फुलं लागताना डोमकळ्या (अळी लागल्यानं न उमलता मिटून राहिलेली फुलं) दिसल्या तर तोडून नष्ट करायच्या. 2017 साली बीटी (बोंडअळीला तोंड देण्यासाठी बनवलेलं बियाणं) असूनही बोंडअळीनं विदर्भात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे बियाण्याच्या भरवशावर हे काम सोडता येत नाही.

"मग पतंग कमी झाले", या वाक्याशी मी थांबलो. तुम्ही पोळ्याआधी चार ल्युर नेले, नंतर एकही नाही. ल्युरचा वास साधारण तीन-चार आठवड्यांत उडून जातो, उन्हात त्याहून लवकर. पाकिटावर मुदत छापलेली असते. बहुतेक वास संपला होता, पतंग नाही. नवा ल्युर बसवताना तंबाखूचे किंवा औषधाचे हात लावू नका, आणि जादा पाकिटं फ्रिजमध्ये ठेवा. पऱ्हाटी वाढेल तसा सापळाही शेंड्याच्या फूटभर वर सरकवत राहायचा.

फसवणुकीबद्दल एकच सांगतो. सापळ्यापेक्षा औषधाच्या बाटलीत मला जास्त सुटतं. गिऱ्हाइकाला फसवायचं असतं तर सापळे दाखवलेच नसते, दर आठवड्याला बाटली दिली असती.

आता पुढचं. पहिल्या वेच्याचा चांगला कापूस कवडीत मिसळू नका, भाव पडेल. वरच्या हिरव्या बोंडांपैकी वीस आजच फोडा आणि किती किडकी निघाली ते दुकानात येऊन सांगा; फवारायचं की नाही, ते त्यावर ठरवू. नुसत्या धास्तीनं दोन-तीन औषधं एकत्र करून मारू नका. फरदड (वेचणीनंतरही पुढं राखलेलं पीक) मात्र या वर्षी ठेवूच नका. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, नाहीतर हीच अळी पुढच्या हंगामाला तयार बसेल. तुमचं वावर जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) अंगाला आहे. तिथल्या सरकीतून आणि कचऱ्यातून पतंग निघतात, म्हणून पुढच्या वर्षी त्या बांधाला दोन सापळे जादा लावा आणि पेरणीनंतर दीड महिन्यात सुरू करा.

सापळ्याचे डबे धुऊन सावलीत ठेवा, पुढच्या साली चालतात. नवे फक्त ल्युर घ्यावे लागतील.