‘फिट माणसाला तपासणीची गरज नसते’ हे खरं नाही

सध्या हा मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘उंचीच्या मानाने वजन बरोबर, पोट सपाट, रोज दहा हजार पावलं आणि घाम गाळणारा व्यायाम. एवढं जमलं की तुम्ही फिट. फिट माणसाला तपासण्यांची गरज नसते.’ हेतू चांगलाच असेल. पण शेवटचं वाक्य जिवावर बेतू शकतं, आणि आधीचं सगळं माणसाला त्या वाक्यापर्यंत नेऊन सोडतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी वजन. उंची-वजनाचं जे गणित आज बीएमआय म्हणून ओळखलं जातं, ते बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ केटले यांनी १८३०च्या दशकात मांडलं. ते डॉक्टर नव्हते. खगोल आणि संख्याशास्त्र हे त्यांचे विषय, आणि शोध होता ‘सरासरी माणसा’चा. मोठ्या समूहाबद्दल बोलायला तो आकडा आजही कामाचा आहे. एकट्या माणसाच्या कातडीखाली काय चाललंय, ते मात्र त्यातून कळत नाही. २००४ साली चित्तरंजन याज्ञिक आणि जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त फरक, आणि बीएमआयला त्याचा पत्ताच नाही.

सपाट पोटाचा मुद्दा थोडा बरा आहे. पोटातल्या अवयवांभोवती साठणारी चरबी मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवते, त्यामुळे कमरेचा घेर मोजावाच. पण घेर म्हणजे सगळं नव्हे. ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. मग प्रश्न आला, हा फरक अंगकाठीचा तर नाही? त्यांनी गणवेशाच्या पँटच्या मापांच्या नोंदी काढल्या. चालकांच्या कमरा मोठ्या निघाल्याच. पण वाहक सडपातळ असो की पोट सुटलेला, त्याचा धोका तशाच अंगकाठीच्या चालकापेक्षा कमी होता. हृदयाला रोज काम मिळतंय का, हे पँटच्या मापावरून ओळखता येत नाही.

दहा हजार पावलांचा आकडा वैद्यकातून आलेलाच नाही. १९६५ साली जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र विक्रीला आलं, आणि त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलं मोजणारं’. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे १६,७०० स्त्रियांच्या अभ्यासात रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसलं, आणि साधारण ७,५०० नंतर फरक पडेनासा झाला. दहा हजार चालत असाल तर जरूर चाला. पाचच हजार होतात म्हणून चालणं सोडू नका, एवढंच माझं म्हणणं.

घाम म्हणजे वितळलेली चरबी नव्हे, ती शरीर थंड ठेवण्याची सोय. चरबी जळते तेव्हा तिचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो. व्यायामानंतर काट्यावर लगेच कमी दिसलेलं वजन हे मुख्यतः पाणी असतं.

ताकदीचा तर या मजकुरात उल्लेखही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आहे आणि त्याच्या जोडीला किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. पासष्टीपुढे तोल सांभाळण्याचे व्यायामही आहेत. खुर्चीतून हात न टेकता उठता येणं ही उतारवयातली फार मोठी गोष्ट आहे, आणि ती नुसत्या चालण्याने टिकत नाही.

आता ते शेवटचं वाक्य. जिम फिक्स या अमेरिकन लेखकाने धावण्यावरच्या पुस्तकाने लाखो अमेरिकनांना धावायला लावलं. स्वतः सिगारेट सोडली, जवळपास २७ किलो वजन उतरवलं. १९८४ साली, ५२व्या वर्षी, धावताना ते गेले. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या चिंचोळ्या झालेल्या आढळल्या. त्यांचे वडील ४३व्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. यावरून धावणं वाईट ठरत नाही. पण वाढलेला रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल बऱ्याचदा वर्षानुवर्षं काहीच जाणवू देत नाहीत, आणि घराण्यातून आलेला धोका सपाट पोटाने पुसला जात नाही. तपासणी फिट माणसालाही हवी.

याच मजकुराची दुसरी बाजू मला जास्त खुपते. स्थूल माणसाला, गोळ्या चालू असलेल्याला तो सांगतो की तू बाद. पण तसं नसतं. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये एका प्रयोगात विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं, तेव्हा त्यांचा दम जेवढा घटला तेवढा पुढच्या तीस वर्षांतल्या वयानेही घटला नाही. पन्नाशीत वजन वाढलेल्या त्याच पाच जणांनी सहा महिने हळूहळू वाढवत व्यायाम केला, आणि वयाने गेलेला दम भरून निघाला. वजन मात्र जेमतेम हललं होतं.