काकाचं वेटिंग तिकीट आणि साडेतीन तासांची मुदत

पितृपक्षात आमच्या कट्ट्यावर गणपतीचा हिशेब निघतो. कोण कसा गेला, कोण कसा आला, कोणाला गाडीत जागा मिळाली आणि कोण रात्रभर हायवेला एसटीत बसून राहिला. 2024 च्या पितृपक्षात या हिशेबाचं भांडण झालं, आणि ते तिकिटाच्या रिफंडवरून झालं. ते लिहून ठेवतोय, कारण तिथे जे बोललं गेलं ते ठाऊक नसल्यामुळे घरोघरी पैसे बुडतात. यातले तास आणि कपातीचे आकडे त्या वेळचे आहेत. रेल्वे ते बदलत असते, तेव्हा तिकीट काढताना ताजे बघून घ्या.

विषय बंड्याने काढला. तो आणि त्याचा काका एकाच गाडीने गावी जाणार होते, स्लीपरने. तेव्हा रिझर्वेशन 120 दिवस आधी उघडायचं, म्हणजे गणपतीचं मे महिन्यातच. बंड्याने तिकीट मोबाइलवर काढलं. काकाने पहाटे खिडकीवर रांग लावून, रोख पैसे मोजून काढलं. दोघांनाही वेटिंगच मिळालं आणि चार्ट, म्हणजे जागा मिळालेल्यांची शेवटची यादी, लागला तरी ते कन्फर्म झालं नाही. शेवटी सगळे एसटीने गेले. बंड्याच्या खात्यात माणशी साठ रुपये कापून बाकीचे पैसे आपोआप जमा झाले. काका परत आल्यावर तिकीट घेऊन खिडकीवर गेला, तर मुदत संपलेली. चार माणसांचे चौदाशेच्या वर रुपये गेले.

ते तिकीट बंड्याने आणलंच होतं. चार घड्या पडून मऊ झालेलं, चार प्रवाशांपुढे चारदा डब्ल्यूएल म्हणजे वेटिंग लिस्ट, प्रत्येकापुढे त्याचा नंबर. ते हातोहात फिरलं.

"एकच गाडी, एकच वेटिंग लिस्ट. मला पैसे परत आणि काकाला भोपळा? नाना, तुम्हीच सांगा हा कुठला न्याय."

नाना बुकिंग ऑफिसातून रिटायर झालेले. रेल्वेविरुद्ध कोणी बोललं की ते आधी बाजू घेतात आणि मग हळूहळू खरं काय ते सांगतात. "ई-तिकिटाचं वेटिंग चार्ट लागताना सिस्टीम स्वतःच रद्द करते," ते म्हणाले. "त्या तिकिटावर तुला गाडीत चढताच येत नाही. काउंटरचं तिकीट म्हणजे कागद, आणि कागद प्रवाशाच्या हातात असतो. तो खिडकीवर जमा केल्याशिवाय पैसे कसे देणार? गाडीच्या वेळेआधी अर्ध्या तासापर्यंत तो जमा करायचा. नाही केला तर गेले."

"आणि चार्ट लागतो चार तास आधी," मास्तर म्हणाले. मास्तर शाळेत गणित शिकवतात. "म्हणजे जागा नाही हे कळल्यापासून हातात साडेतीन तास. त्या साडेतीन तासांत चार माणसं, दोन बोचकी आणि मखराचं सामान घेऊन माणूस एसटीची सोय बघेल की रिफंडच्या रांगेत उभा राहील?"

नाना म्हणाले, तितकं अडलेलं नाही. काउंटरचं तिकीटही रेल्वेच्या 139 नंबरवर फोन करून किंवा आयआरसीटीसीच्या साइटवरून मुदतीत रद्द करता येतं. फॉर्म भरताना दिलेल्या मोबाइल नंबरवर ओटीपी येतो, तो सांगायचा. पैसे मात्र खिडकीवर जाऊनच घ्यायचे. हे कट्ट्यावर कोणालाच माहीत नव्हतं. बंड्याने काकाला तिथूनच फोन लावला आणि विचारलं, फॉर्मवर नंबर कोणाचा लिहिला होतास? काका म्हणाला, मोबाइलची जागा मी कोरीच सोडतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही. खिडकीवर तिकीट काढणारं घरात कोणी असेल, तर त्या फॉर्मवर चालू असलेला मोबाइल नंबर लिहायला सांगा. तो नंबर नसेल तर फोनवरून तिकीट रद्द करण्याची वाटच बंद.

मास्तरांनी मग आकडे काढले. राजस्थानातल्या कोटा शहराच्या सुजीत स्वामी यांनी माहितीच्या अधिकारात मागवलेले आकडे 2020 च्या फेब्रुवारीत पेपरात आले होते. 1 जानेवारी 2017 ते 31 जानेवारी 2020 या काळात साडेनऊ कोटींहून जास्त प्रवाशांनी आपलं वेटिंगचं तिकीट रद्दच केलं नाही. त्यातून रेल्वेला 4,335 कोटी रुपये मिळाले. कन्फर्म तिकिटं रद्द केल्याबद्दल कापलेले 4,684 कोटी वेगळेच.

"आता विचार करा," मास्तर म्हणाले. "ई-तिकीट आपोआप रद्द होतं. मग वेटिंगचं तिकीट रद्द न करणारे हे लोक कोण? काउंटरवालेच की! ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्याला साइट जमत नाही, ज्याची मजुरी रोख मिळते आणि जो तिकीट रोखीने काढतो, त्याचे हे पैसे."

नाना गप्प बसले नाहीत, पण आवाज खाली आला. "काही जण त्याच तिकिटावर जनरलमधून गेलेही असतील," ते म्हणाले. हा मुद्दा खराच आहे, तो मास्तरांनीही मानला. पण चार हजार कोटींचं उत्तर त्यातून पुरं होत नाही, असं मला वाटतं.

इथून गाडी साठ रुपयांवर आली. बंड्याचं म्हणणं, मला तरी पूर्ण पैसे कुठे मिळाले? जागा दिली नाही ती रेल्वेने, आणि माणशी साठ रुपये कापले माझे. नानांनी जुनी गोष्ट सांगितली. 12 नोव्हेंबर 2015 पासून कपात जवळजवळ दुप्पट झाली. कन्फर्म तिकिटाला स्लीपरमध्ये किमान 120, थर्ड एसीला 180, सेकंड एसीला 200, फर्स्ट एसीला 240, एसीवर जीएसटी निराळा. गाडीच्या 48 तास आधीपर्यंत एवढंच कापतात. 48 ते 12 तासांत भाड्याच्या पाव टक्का... "पाव टक्का नव्हे नाना, पाव हिस्सा," मास्तरांनी मध्येच दुरुस्त केलं. तर पाव हिस्सा, 12 ते 4 तासांत निम्मं कापतात, आणि त्यानंतर काहीच परत मिळत नाही. वेटिंगला आणि आरएसीला, म्हणजे एका बर्थवर दोघांनी बसून जायच्या तिकिटाला, साठ. दलालांनी जागा अडवून शेवटच्या क्षणी सोडू नयेत, खऱ्या प्रवाशाला जागा मिळावी, हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं होतं.

मास्तरांनी लगेच गणित मांडलं. कोकणातलं स्लीपरचं तिकीट साडेतीनशेच्या घरातलं. त्याचा पाव हिस्सा नव्वदही होत नाही, पण किमान कपात 120 ची. म्हणजे जवळच्या, स्वस्त तिकिटाला तीन दिवस आधी रद्द करा नाहीतर आदल्या दिवशी, जातात 120 च, भाड्याचा तिसरा हिस्सा. हजार-दीड हजाराच्या तिकिटाला लवकर रद्द केल्याचा फायदा दिसतो. स्वस्त तिकिटाला तो दिसतच नाही.

"आणि वेटिंगवाल्याने जागा अडवलीच कुठे?" बंड्या म्हणाला.

"तू किती गाड्यांचं वेटिंग काढलं होतंस?" नानांनी विचारलं.

बंड्याने तीन सांगितलं.

"मग? फुकट असतं तर सहा काढली असतीस. प्रत्येकाने सहा काढली की लिस्ट सहापट. ज्याला खरंच जायचंय त्याचा नंबर चारशेच्या पुढे. साठ रुपये त्यासाठीच."

यावर बराच वेळ कोणाला उत्तर सुचेना. मग मास्तर म्हणाले, ज्या माणसाची त्याच दिवसाची एकापेक्षा जास्त वेटिंग तिकिटं आहेत त्याचे कापा, साठ काय शंभर कापा. नाव, वय, तारीख, मार्ग, सगळं कॉम्प्युटरला माहीत आहे. पण ज्याने एकच तिकीट काढलं, चार महिने वाट बघितली आणि तरी जागा मिळाली नाही, त्याने कशाचा दंड भरायचा? नाना म्हणाले, एकाच नावाची दहा माणसं निघतील. बंड्या म्हणाला, खातं तर एकाच माणसाचं असतं ना. मला मास्तरांचं पटलं. एकाच तिकिटावर विसंबून राहणाऱ्याकडून साठ रुपये घेण्याचं कारण नानांनाही शेवटपर्यंत देता आलं नाही.

एवढ्यात पोळीभाजी केंद्राच्या वहिनी बाहेर आल्या. त्या आतून सगळं ऐकत होत्या. त्यांचं दुखणं वेगळं. उन्हाळ्यात माहेरी जायला तत्काळमधून तिकीट काढलेलं, कन्फर्म. स्टेशनवर गेल्या तर गाडी साडेतीन तास लेट. दोन लहान मुलं घेऊन फलाटावर कुठे बसायचं, म्हणून खासगी बसने गेल्या. दुसऱ्या दिवशी माहेरी पोचून टीडीआर, म्हणजे रिफंड मागायचा अर्ज, भरला, तो नामंजूर झाला. "सगळे म्हणाले, तत्काळला रिफंड नसतोच. मी पण सोडून दिलं."

"नसतो असं नाही!" नाना खरे चिडले ते इथे. "कन्फर्म तत्काळ तुम्ही आपल्या मर्जीने रद्द केलंत तर काही मिळत नाही. पण तुम्ही जिथून बसणार तिथे गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि तुम्ही गेला नाहीत, तर तत्काळलाही पूर्ण रिफंड आहे. फक्त टीडीआर गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत भरायचा. दुसऱ्या दिवशी नाही."

वहिनी म्हणाल्या, "हे त्या फलाटावर कोण सांगतं?"

नानांनी बंड्याचा फोन घेतला आणि अ‍ॅप उघडून दाखवलं. आपल्या तिकिटावर जायचं, फाइल टीडीआर दाबायचं, कारणांची यादी येते. त्यात गाडी तीन तासांहून जास्त लेट आणि प्रवासी गेला नाही, हे कारण असतं, ते निवडायचं, कोणकोण गेलं नाही त्यांच्या नावांवर खूण करायची आणि पाठवायचं. फलाटावर उभ्याउभ्या होणारं काम. तिकिटावरचं कोणीही त्या गाडीने गेलेलं नसावं, एवढं बघायचं. काउंटरचं तिकीट असेल तर तेही गाडी सुटायच्या आतच जमा करायचं. एसी बंद पडला तर मात्र उलटं. तिथे प्रवास करायचा, टीटीईकडून, म्हणजे गाडीतल्या तिकीट तपासनिसाकडून, तसं लिहून घ्यायचं आणि गाडी पोचल्यापासून वीस तासांत टीडीआर भरायचा.

वहिनींनी हे सगळं डब्यांच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतलं.

बंड्याला एजंटवरही बोलायचं होतं. त्याच्या मित्राचं तिकीट एका एजंटने स्वतःच्या घरच्या आयडीवरून काढलं होतं. पैसे ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत जातात, त्यामुळे रिफंड एजंटकडे गेला आणि तिथेच राहिला. नाना म्हणाले, अधिकृत एजंट असेल तर 2019 पासून रिफंडचा ओटीपी प्रवाशाच्या फोनवर येतो, आणि तो सांगितल्याशिवाय एजंटला पैसे मिळत नाहीत. तेव्हा एजंटकडे तिकीट काढताना नंबर आपला द्यायचा, त्याचा नाही. विषय तिथे संपला.

"पण दहा-वीस रुपयांसाठी कोण भांडत बसणार?" हे बंड्याचं नेहमीचं वाक्य. त्यावर मास्तरांनी स्वामींचीच दुसरी गोष्ट सांगितली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. 2017 च्या एप्रिलमध्ये स्वामींनी 2 जुलैचं कोटा ते दिल्ली तिकीट काढलं, 765 रुपयांचं. ते वेटिंगचं होतं, त्यांनी रद्द केलं. 65 रुपये कापून 700 यायला हवे होते, आले 665. प्रवास 1 जुलैनंतरचा, म्हणजे सेवाकर जाऊन जीएसटी लागू झाल्यावरचा, आणि तिकीट रद्द झालं त्याच्या आधी. तरी 35 रुपये सेवाकर म्हणून गेले. त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्जांवर अर्ज केले. 2019 मध्ये 33 रुपये परत आले, दोन रुपये कमी. ते दोन रुपये मिळायला 2022 उजाडलं. पण त्या पाठपुराव्यामुळे अशीच कपात झालेल्या 2 लाख 98 हजार लोकांना मिळून 2 कोटी 43 लाख रुपये परत द्यायचं ठरलं.

"पस्तीस रुपये एकट्याचे नव्हतेच ते," मास्तर म्हणाले.

बंड्याने काकाचं तिकीट पुन्हा उघडलं. याचं काही होईल का, असं त्याने विचारलं. नानांनी सरळ सांगितलं, मुदत गेली, नियमाने नाही. नियमाने मिळणारा रिफंड नाकारला असता तर रेल्वे क्लेम्स ट्रायब्युनल आहे, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. इथे नियमच आडवा येतो.

"मग नियमाबद्दल बोलू," मास्तर म्हणाले. "14 जुलैला खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली, गाड्या रद्द झाल्या. तेव्हा काउंटरच्या तिकिटाला मुदत किती होती?"

"तीन दिवस," नाना म्हणाले. "रेल्वेने गाडी रद्द केली तर तीन दिवस, आणि पूर्ण पैसे."

"म्हणजे कागद तीन दिवस प्रवाशाच्या हातात राहिला तरी तेव्हा चालतो. हिशेब बिघडत नाही. चार्टमध्ये ज्याचं नाव नाही तो गाडीत नव्हता, हे रेल्वेला चार्टवरूनच कळतं. मग जागा न मिळालेल्या वेटिंगवाल्याला तीन दिवस का नाहीत?"

"जनरलमधून जाऊन परत येऊन पैसे मागितले तर?"

"मग नियम असा करा की चार्ट लागल्यावर काउंटरचंही वेटिंग आपोआप रद्द. ई-तिकिटासारखं. त्या तिकिटावर चढायचं नाही, आणि पैसे तीन दिवसांत कुठल्याही खिडकीवर. जनरलने जायचंय त्याने जनरलचं तिकीट काढावं."

नानांनी बराच विचार केला. "रांगा वाढतील," ते म्हणाले.

"वाढू देत," वहिनी दारातून म्हणाल्या. "पैसे मिळणार असतील तर लोक उभे राहतील."

नाना म्हणाले, प्रवासी संघाकडे निवेदन द्यायचं तर मसुदा मी बघून देतो, नियमाचं नाव आणि साल नीट घातलं पाहिजे. मास्तरांनी वहिनींची वही मागून घेतली.